मदत हवी आहे: पायलटच्या इंग्रजी परीक्षेची (ईएलपी) तयारी कशी करावी?

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी विचारतेय. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सीपीएलचं (व्यावसायिक पायलट लायसन्स) ट्रेनिंग चालू आहे. आरटी, म्हणजे रेडिओवरचं बोलणं, त्याची चांगली आहे. ठरलेली वाक्यं, रीडबॅक (आलेली सूचना परत म्हणून दाखवणं), सगळं खडाखडा. पण परवा इन्स्ट्रक्टरने विचारलं, "प्रवाशाच्या छातीत दुखतंय, टॉवरला काय सांगशील?" तर गाडी ठप्प. पास व्हायला लागणारी लेव्हल 4 तरी मिळेल का, ही धास्ती घेऊन बसलाय.

इथे एका क्लासवाल्याने अमेरिकन उच्चार शिकवतो म्हणून भलीमोठी फी सांगितली आहे. भावाचे व्ही आणि डब्ल्यू सारखेच ऐकू येतात, त्यामुळे तो भुललाय. पैसे घालावेत का? आणि आयईएलटीएस दिली तर चालते, असं कुणीतरी सांगितलं, ते खरं का?

— सातारची_ताई

---

ताई, आधी क्लासवाल्याला नमस्कार करा. लांबूनच.

मी निवृत्त एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) कंट्रोलर. ही परीक्षा आम्हालाही असते. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा गोष्टी तपासतात आणि सर्वांत कमी लेव्हल जिथे, तोच निकाल. पाच ठिकाणी 5 आणि एका ठिकाणी 3 असेल तर हातात 3. म्हणून कच्चा दुवा शोधा. तुमच्या भावाचा तो उच्चार नव्हे. लेव्हल 4 ला मातृभाषेची छाप चालते, समजण्यात वरचेवर अडथळा आला नाही म्हणजे झालं.

आयईएलटीएसचं सोडा. तिच्यात लिहिणं-वाचणंही असतं, इथे फक्त बोलणं आणि ऐकून समजणं. परीक्षा डीजीसीएने (देशातली नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था) मान्यता दिलेल्या ठिकाणीच द्यायची.

खरी गोम छातीत दुखण्याच्या प्रश्नातच आहे. ठरलेली वाक्यं संपली की पुढे काय? 1990 मध्ये बोगोटाहून न्यूयॉर्कला आलेल्या आव्हियांका 52 या विमानाच्या वैमानिकांनी इंधन संपत आल्याचं सांगितलं, प्राधान्य मागितलं, पण इमर्जन्सी जाहीर केलीच नाही. विमान लाँग आयलंडवर पडलं, 73 जण गेले. कारणं आणखीही होती, पण काय हवंय ते स्पष्ट न सांगण्याची किंमत काय असते ते कळतं. आपल्याकडे चरखी दादरीला 1996 मध्ये दोन विमानांची हवेत टक्कर होऊन 349 माणसं गेली; तिथेही कच्चं इंग्रजी हे एक कारण धरलं गेलं. त्यानंतर 1998 मध्ये इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) सभेत इंग्रजीवर ठराव झाला, 2003 मध्ये नियम आले.

भावाला रोज एक प्रसंग द्या. पक्षी धडकला, चाक फुटलं, प्रवासी दारू पिऊन भांडतोय. काय झालं, काय हवंय, पुढे काय करणार, हे छोट्या वाक्यांत मोठ्याने सांगायचं. तुम्ही मुद्दाम चुकीचं ऐकल्याचं नाटक करा आणि त्याला दुरुस्त करू द्या.

— जुना_कंट्रोलर

---

काकांशी सहमत. माझी भर एवढीच: फक्त भारतीय आवाज ऐकू नका. फ्रेंच, अरब, चिनी वैमानिकांचं आरटी नेटवर मिळतं, कानाला सवय लागते. आणि आता 5 च्या मागे लागू नका. इकाओच्या शिफारशीप्रमाणे 4 वाल्याची पुन्हा परीक्षा तीन वर्षांनी, 5 वाल्याची सहा वर्षांनी. पुढच्या वेळी बघता येईल.

— ढगांवरून

---

दोघांचे आभार! क्लास रद्द. रात्रीच्या जेवणानंतर आई एटीसी होणार म्हणतेय. एक राहिलं: परीक्षेत 'से अगेन' (पुन्हा सांगा) म्हटलं तर मार्क जातात का?

— सातारची_ताई

---

नाही. प्रसंगाला अनपेक्षित वळण लागलं तर समजायला वेळ लागणं, पुन्हा विचारून खात्री करणं लेव्हल 4 च्या वर्णनात बसतं. उलट न समजता 'रॉजर' (निरोप मिळाला) म्हणाला तर परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं. मात्र साध्या सूचनेलाही दर वेळी 'से अगेन' म्हणायला लागला, तर आकलनात 3 पक्के. आईंना म्हणावं, भराभर बोला.

— जुना_कंट्रोलर