‘शुक्रवारपर्यंत’ म्हणजे ‘बाय फ्रायडे’ की ‘टिल फ्रायडे’?

प्रश्न

नमस्कार. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले असून, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात परदेशी ग्राहकांशी पत्रव्यवहार करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. काळ आणि वचन यांत माझी फारशी चूक होत नाही. परंतु ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’, ‘बाय’, ‘विथ’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा, येथे दरवेळी हात अडखळतो. मागील महिन्यात ‘आराखडे शुक्रवारपर्यंत पाठवू’ अशा अर्थाने मी ‘वी विल सेंड द ड्रॉइंग्ज टिल फ्रायडे’ असे लिहिले, तेव्हा समोरून विचारणा आली की शुक्रवार उजाडेपर्यंत रोज थोडे थोडे आराखडे येत राहणार आहेत काय. वरिष्ठांनी ‘बाय फ्रायडे’ अशी दुरुस्ती केली, कारण मात्र सांगितले नाही. ‘इन म्हणजे मध्ये, ऑन म्हणजे वर, बाय म्हणजे ने’ असा तक्ता मी शाळेत पाठ केला होता. तो तक्ताच चुकीचा आहे, की माझी तो वापरण्याची पद्धत? जाणकारांनी कृपया उलगडून सांगावे.

प्रतिसाद १

तक्त्यातील एकही ओळ खोटी नाही. मात्र एका मराठी शब्दासमोर एकच इंग्रजी शब्द मांडल्यामुळे तो फसवा झाला आहे. आपल्याकडे विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाचे सामान्यरूप करून त्याला मागून चिकटतात, जसे ‘टेबल’चे ‘टेबलाखाली’ होते. इंग्रजीत हेच शब्द नामाच्या आधी सुटे उभे राहतात. क्रमाचा हा फरक सर्वांच्या लवकर अंगवळणी पडतो. अर्थाची वाटणी दोन्ही भाषांनी निरनिराळ्या जागी केली आहे, ही खरी अडचण आहे.

आपले ‘पर्यंत’च घ्या. ते केवळ मुदत सांगते. क्रिया त्या मुदतीपर्यंत चालू राहणार आहे, की मुदत संपण्याआधी एकदाच घडणार आहे, हे मराठीत क्रियापदावरून कळते. ‘शुक्रवारपर्यंत थांबा’ यातील थांबणे सलग चालणारे आहे, म्हणून तेथे ‘टिल’ किंवा ‘अंटिल’ येते. ‘शुक्रवारपर्यंत अर्ज द्या’ यात अर्ज एकदाच द्यायचा आहे, म्हणून तेथे ‘बाय’ हवे. शंका आल्यास मराठी वाक्यात ‘शुक्रवारपर्यंत’ऐवजी ‘उशिरात उशिरा शुक्रवारी’ घालून पाहावे. अर्थ न बिघडता वाक्य वाचता आले तर ‘बाय’ घ्यावे. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी थांबा’ हे कानालाच खटकते. नकारार्थी वाक्यात मात्र सावध राहावे, कारण ‘शुक्रवारपर्यंत उत्तर देणार नाही’ असे म्हणताना उत्तर न देण्याची स्थिती सलग चालू असते. तेथे ‘अंटिल’ येईल.

‘ने’ची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. ‘सुरीने आंबा कापला’ यात ‘ने’ साधन दाखवतो, म्हणून ‘विथ अ नाइफ’. ‘बसने आलो’ यात प्रवासाचा प्रकार दाखवतो, म्हणून ‘बाय बस’, आणि तेही ‘अ’ किंवा ‘द’ न लावता. ‘त्याच्या गाडीने आलो’ म्हणताच विशिष्ट गाडी समोर येते आणि इंग्रजी ‘इन हिज कार’कडे वळते. ‘भावाने आंबा कापला’ यातील ‘ने’ला तर इंग्रजीत काहीच लागत नाही, वाक्य कर्मणी केले तरच ‘बाय’ येते. आपण इतकी कामे एका प्रत्ययाकडून करून घेतो, याचे भान इंग्रजी लिहू लागेपर्यंत आपल्याला नसते.

प्रतिसाद २

वरील विवेचनाला स्थळवाचक शब्दांची जोड देतो. ‘ऑन’ म्हणजे ‘वर’ असे धरले की आपण वस्तू उंचावर आहे की नाही हे पाहतो. इंग्रजी भाषक मात्र ती पृष्ठभागाला टेकलेली आहे की नाही हे पाहतो. त्यामुळे छताला लटकणारा पंखा ‘ऑन द सीलिंग’ असतो, भिंतीवरचे घड्याळ ‘ऑन द वॉल’ असते आणि आपण जिला बोटात घालतो ती अंगठीसुद्धा ‘ऑन द फिंगर’ असते. याउलट झाडावर बसलेला पक्षी फांद्या-पानांच्या पसाऱ्याच्या आत आहे असे मानून ‘इन द ट्री’ म्हणतात. मोटारीत बसलेला माणूस ‘इन अ कार’, पण बसमधला किंवा आगगाडीतला प्रवासी ‘ऑन’. येथे तर्क फार ताणू नये. ज्या वाहनात उभे राहून चालता येते तेथे बहुधा ‘ऑन’ येते, एवढी खूणगाठ पुरे.

काळाच्या बाबतीत घड्याळातील वेळेला ‘ॲट’, वाराला आणि तारखेला ‘ऑन’, महिन्याला व वर्षाला ‘इन’ हे आपणांस ठाऊक असेलच. घोटाळा ‘सोमवारी’, ‘सकाळी’, ‘रात्री’ यांत होतो, कारण तिन्हींत आपला एकच ईकार आहे आणि इंग्रजीत मात्र ‘ऑन मंडे’, ‘इन द मॉर्निंग’, ‘ॲट नाइट’ अशा तीन वाटा होतात. त्यातही ‘सोमवारी सकाळी’ म्हणायचे असेल तर वार वरचढ ठरतो आणि ‘ऑन मंडे मॉर्निंग’ होते.

प्रतिसाद ३

दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत. तथापि सर्व काही अर्थावरून ठरवता येते असा समज त्यांतून होऊ नये, म्हणून लिहीत आहे. अनेक ठिकाणी अव्यय हे क्रियापदाने किंवा विशेषणाने परंपरेने बांधून घेतलेले असते आणि त्यामागचे कारण शोधत बसणे व्यर्थ असते. आपण एखाद्याशी लग्न करतो म्हणून ‘मॅरीड विथ’ लिहितो, हवे असते ‘मॅरीड टू’. एखाद्यावर रागावतो म्हणून ‘अँग्री ऑन’ लिहितो, हवे असते ‘अँग्री विथ’. ‘विषयावर चर्चा केली’ हे मनात असल्यामुळे ‘डिस्कस्ड अबाउट द मॅटर’ असे लिहिले जाते. परंतु ‘डिस्कस’ या क्रियापदाला मध्ये काहीच नको. त्याचेच नाम ‘डिस्कशन’ वापरले तर ‘अबाउट’ चालते. ‘रिक्वेस्ट’चेही तसेच: क्रियापद असताना काही नाही, नाम असताना ‘फॉर’. असे शब्द वहीत लिहिताना अव्ययासकटच लिहावेत.

आपल्या पत्रांत नेहमी लागणारी आणखी एक रचना सांगतो. ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ हे चूक आहे. येथील ‘टू’ क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारा नसून खरे अव्यय आहे, म्हणून त्याच्यापुढे ‘हिअरिंग’ हे नामासारखे रूप यायला हवे.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे आभार. ‘उशिरात उशिरा’ची कसोटी मी लगेच जुन्या पत्रांना लावून पाहिली आणि चार ठिकाणी ‘टिल’ चुकलेले सापडले. एक शंका उरते. ‘द कंपनी वी बाय स्टील फ्रॉम’ अशी माझी शब्दरचना वरिष्ठांनी खोडली आणि अव्यय शेवटी ठेवणे अशुद्ध असल्याचे सांगितले. हे खरे आहे काय?

प्रतिसाद १

अशुद्ध मुळीच नाही. जॉन ड्रायडन या इंग्रज कवीने १६७२ मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या लेखनातील अशा रचनेला नावे ठेवली आणि पुढे स्वतःच्या जुन्या गद्यातूनही ती काढून टाकली. शाळांतून तिला नियमाचे रूप नंतर मिळाले. इंग्रजी भाषक मात्र ती रचना आजतागायत सर्रास वापरतात. आपल्याला ती विचित्र वाटते, कारण मराठीत ‘कडून’ किंवा ‘पासून’ आपल्या नामाला वा सर्वनामाला सोडून वाक्याच्या टोकाला एकटे जाऊन बसू शकत नाही. औपचारिक पत्रात ‘द कंपनी फ्रॉम विच वी बाय स्टील’ अधिक शोभते, म्हणून वरिष्ठांची दुरुस्ती ठेवावी. त्यांनी दिलेले कारण तेवढे सोडून द्यावे.