स्प्लेंडरचा ब्लॉक ऑईल रिंगवर अडतोय, एकट्याने कसा चढवायचा?

नमस्कार मंडळी,

वडिलांची २००२ची स्प्लेंडर आहे. बरीच वर्षं सायलेन्सरमधून निळा धूर येत होता आणि महिन्याला जवळजवळ पाव लिटर ऑईल वर टाकावं लागत होतं. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये पिस्टनच्या रिंगा बदलल्या, तरी धूर तसाच. शेवटी गेल्या रविवारी मीच हेड आणि ब्लॉक (पिस्टन ज्यात पुढेमागे होतो तो सिलिंडर) काढला. बघतो तर दुसरी रिंग उलटी बसवलेली, खुणेची बाजू खाली! ही रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल खाली ओढते. उलटी बसली की तेच ऑईल वर चढतं. फार वाईट वाटलं. बाबा याच गाडीवर रोज पहाटे डेअरीला दूध घालायला जातात, म्हणून आता घाई न करता नीट करायचं आहे.

लेथवाल्याने बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजलं, स्टँडर्ड रिंगा चालतील म्हणाला. नवीन सेट आणला. पिस्टनवरची 'आयएन' खूण कार्ब्युरेटरच्या बाजूला ठेवली, गजन पिनची (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन) लॉकं नवीन घातली, रिंगांची तोंडं १२० अंशांवर फिरवली. इथपर्यंत काही अडलं नाही.

अडलंय ते ब्लॉक चढवताना. या गाडीचं इंजिन जवळजवळ आडवं, त्यामुळे ब्लॉक वरून खाली न जाता समोरून मागे सरकवावा लागतो. पिस्टन स्वतःच्या वजनाने खाली झुकतो आणि रिंगा नेमक्या खालच्या बाजूला बाहेर येतात, जिथे नजर पोचत नाही आणि बोटंही धड जात नाहीत. एका हाताने ब्लॉक धरायचा, टायमिंग चेन (हेडमधले व्हॉल्व्ह चालवणारी साखळी) तारेने ओढून तिच्या खाचेतून बाहेर काढायची आणि उरलेल्या अंगठ्याने रिंगा दाबायच्या. पहिल्या दोन रिंगा आत गेल्या. तिसऱ्या, म्हणजे ऑईल रिंगला (दोन पातळ पट्ट्या आणि मधे जाळी) बारीक 'टक्' असा आवाज आला आणि ब्लॉक थांबला. जोर न लावता मागे घेतला. टॉर्च लावून पाहिलं तर खालची पातळ पट्टी एका टोकाला नखभर वाकली होती. मधल्या जाळीची टोकं एकमेकांवर चढलेली नव्हती, ती आधीच दोनदा तपासली होती.

पिस्टनच्या मागे दोन लाकडी पट्ट्या घालून तो टेकवायचाही प्रयत्न केला. पट्ट्या कमीजास्त जाडीच्या निघाल्या, ब्लॉक टेकला की पिस्टन तिरका होतो.

माझे प्रश्न असे:

वाकलेली पट्टी हाताने सरळ करून वापरावी का? मला तरी धीर होत नाही. भिंतीवर ओरखडा पडला तर बोअर करण्याचा खर्च वेगळा. पण दुकानदार सुटी पट्टी देत नाही, पूर्ण सेटच घ्या म्हणतो.

पाईपला लावतात ती स्क्रूची क्लिप रिंगांवर आवळून ब्लॉक चढवता येतो का? कोणी केलं असेल तर क्लिप किती आवळायची, की ती ब्लॉकच्या रेट्याने मागे सरकत राहील?

की सरळ इंजिन उतरवून टेबलावर उभं करावं? तसं केलं तर पिस्टन झुकणार नाही हे कळतंय, पण एकट्याने उतरवणं जमेल का याची खात्री नाही.

आणखी एक. मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकाचं चाक) 'टी' खूण जुळवून ठेवली की चेन चढवताना वरच्या चक्रावरची गोल खूण हेडच्या खाचेशी बरोबर येत नाही, अर्धा दात पुढे किंवा मागे राहते. टेन्शनरची स्प्रिंग आणि दांडी अजून बाहेरच आहे. ती बसवून चेन ताणली की खूण जागेवर येते, की मी आत्ताच एक दात चुकवतोय? हे ठरल्याशिवाय टॅपेटला (व्हॉल्व्हची फट, ०.०५ मिमी) हात लावणार नाही.

सध्या क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ सुती कापड कोंबून ठेवलंय आणि चेन तारेने हँडलला बांधलीय. बाबा शेजारच्यांची सायकल घेऊन जातात. शनिवारी पुन्हा बसणार आहे, त्याआधी कोणी हाताने केलेलं सांगितलंत तर फार मदत होईल.