फुकटचे पैसे वाटले तर कापूस कोण वेचेल?

कपाशीवाला: "यंत्रं कामं खाणार, म्हणून सरकारनं प्रत्येकाला दरमहा विनाअट पैसे द्यावेत," हे काल इथं वाचलं आणि डोकं तापलं. माझ्या पाच एकरात कापूस बोंडातून लोंबतो आहे. किलोचा दर वाढवला, ऑटो पाठवला, दोनच बाया आल्या. राशन फुकट, लाडक्या बहिणीचे 1500 खात्यात. आणखी वाटा, म्हणजे शेती पडीक!

मजुराची लेक: भाऊ, बाया मिळत नाहीत ते वेच्याच्या दोन महिन्यांत. बाकी वर्षभर त्या काय खातात, विचारलं कधी? माझी माय पंधरा जणींच्या टोळीत निंदायला जायची. आता तुमचा गडी पाठीवर पंप घेऊन तणनाशक मारतो, सोयाबीन हार्वेस्टर काढतं. आमच्या गावात काम केव्हाच खाल्लं गेलं.

कपाशीवाला: तणनाशक हौसेनं मारतो का? 2025-26 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 होता, व्यापाऱ्यानं ओल दाखवून चार हजाराच्या आत मोजले. निंदणाचा पैसा कुठून आणू?

जुना रोहयोवाला: पैसे नको, काम द्या. 1977 सालीच या राज्यानं रोजगार हमीचा कायदा केला. केंद्राच्या 2016-17 च्या आर्थिक पाहणीत मूलभूत उत्पन्नाचा, म्हणजे अशाच विनाअट पैशाचा, आकडा होता माणशी वर्षाला 7620, म्हणजे महिन्याला 635. त्यात तेल-मीठ तरी होते का?

मजुराची लेक: काका, साठीची बाई माती उचलेल का? आणि वर्षाला केंद्राचे 6000, राज्याचे 6000 शेतकऱ्याला मिळतात, ते कोणत्या कामाचे? सातबारा आहे म्हणून. ते घेऊन भाऊ आळशी झाले का?

वणीकर: केंद्राच्या त्या सन्मान निधीचं नाव काढू नका! बाबांचे तीन हप्ते अडकले. केवायसीला नेलं तर अंगठा उमटेना. उभा जन्म वखर धरलेला हात, रेषाच राहिल्या नाहीत. केवायसी करणारं पोरगं म्हणे, खोबरेल लावून या. लावलं, धुतलं, पुसलं, चार वेळा. परत या म्हणे. ऑटोचेच तीनशे गेले.

कपाशीवाला: आमच्याकडेही तेच. आधार एका नावानं, सातबारा दुसऱ्या. तलाठ्याकडे तीन खेपा.

मजुराची लेक: म्हणूनच विनाअट म्हणते. आखाडात काम नसलं की माय उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर मालक म्हणेल त्या दरानं फेडायची. 1500 आले तेव्हापासून उचल बंद. ती आळशी नाही झाली, दर विचारायला लागली.

कपाशीवाला: भूमिहीनाला द्या, ठीक, तेवढं मानतो. पण माझा कापूस पावसात भिजला तर मला कोण देईल? सांगा, किलोला किती घेईल तुमची माय? सोमवारी ऑटो पाठवतो.