जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला ॲडिटिव्हची बाटली द्यावी का?

चर्चाप्रस्ताव

‘डी’मध्ये टाकल्यावर गाडी क्षणभर रेंगाळून झटक्याने निघते, गिअर बदलताना आरपीएम उगाच चढतात किंवा सावकाश जाताना सगळी गाडी थरथरते. जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या या तक्रारींवर ‘ॲडिटिव्ह (गिअरबॉक्सच्या तेलात मिसळायचे तयार रसायन) घालून पाहा’ हा सल्ला हमखास मिळतो; पण निदानाआधीच औषध देण्याचाच हा प्रकार आहे, असे माझे मत आहे. दोष कडक झालेल्या सीलचा आहे, झिजलेल्या क्लच प्लेट्सचा आहे की अडकलेल्या सोलेनॉइडचा (तेलाचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या विद्युत झडपेचा), हे बाटलीला कळत नाही. शिवाय एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल, केवळ वंगण नसून तेच दाब पोहोचवते, उष्णता वाहून नेते आणि प्लेट्स एकमेकींना कशा धरतील हेही ठरवते; उत्पादकाने जुळवलेले हे घर्षण आपण अंदाजाने बदलू नये.

प्रतिसाद १ (असहमत)

थरथरीच्या बाबतीत आपले म्हणणे मला पटत नाही. एका लयीत चाललेली गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरत असेल, तर ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेक पेडल जेमतेम दाबावे. बहुतेक गाड्यांत त्यासरशी टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची शक्ती तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा) लॉक-अप क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, सुटतो, आणि थरथर त्याच क्षणी थांबली तर संशय थेट त्या क्लचवर जातो. उष्णतेने तेलातील घर्षण-नियंत्रक घटक क्षीण झालेले असतात. तेच थोडे परत घालण्यात गैर काय? असे घटक तेलात मिसळणे नवीनही नाही, १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत त्यासाठी स्पर्म व्हेलचे तेल वापरत असत.

प्रस्तावकाचे उत्तर

मग ते घटक योग्य प्रमाणात असलेले नवे तेलच का घालू नये? ‘आयुष्यभर तेल बदलावे लागत नाही’ असे काही कार उत्पादक सांगतात, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्याची शिफारस करते. पॅनमधून (गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलपात्रातून) तेल काढताना कन्व्हर्टरमधले बरेच जुने तेल आतच राहते. त्यामुळे एकदा बदलून फरक पडला नाही, तर थोड्या अंतराने पुन्हा बदलावे.

प्रतिसाद २ (दुरुस्तीचे काम करणारा)

थरथर कमी करणारे ॲडिटिव्ह क्लचची पकड अधिक मऊ करते, तर घसरणाऱ्या क्लचला नेमकी घट्ट पकड हवी असते. म्हणूनच थरथर आणि घसरण दोन्ही बरी करण्याचा दावा करणाऱ्या बाटलीवर माझा विश्वास नाही. सील मऊ करणारे द्रव्य कडक झालेल्या रबराची गळती काही काळ रोखू शकते. फाटलेल्या सीलपुढे तेही हतबल असते. सीव्हीटीत (ठरावीक गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक प्रकारात) तर पट्टा आणि पुली यांच्यातील घर्षणावरच सारी शक्ती वाहते, तेव्हा तिथे सर्वसाधारण ॲडिटिव्ह घालूच नये.

प्रतिसाद १

सीव्हीटीबाबत सहमत. तेलाची पातळी ठरलेल्या तापमानाला तपासावी आणि पॅनमधील चुंबकही पाहावा, हेही मान्य. त्यावरचा बारीक करडा लेप नेहमीचा असतो, पण धातूचे तुकडे दिसले तर बाटलीचा विचारच सोडावा. मात्र जी गाडी लवकरच मोडीत काढायची आहे, तिच्या थरथरीसाठी वारंवार तेल बदलण्याऐवजी एक बाटली घालणे मला आजही व्यवहार्य वाटते.

प्रस्तावक

मोडीत निघणाऱ्या गाडीपुरते ठीक आहे. विकायच्या गाडीत मात्र तीच बाटली दोष झाकण्यासाठी वापरली जाते, आणि त्याला माझा विरोध कायम आहे.