मदत हवी आहे: हेक्साव्हॅलंट क्रोमियम टोटलपेक्षा जास्त कसं?

निळीशाई: विहिरीच्या पाण्यातला क्रोमियम मोजलाय. त्याची दोन रूपं, हेक्साव्हॅलंट (हेक्सा) आणि ट्रायव्हॅलंट (ट्राय); टोटल म्हणजे दोन्ही मिळून. हेक्सा ३८, टोटल ३०. वजाबाकीने ट्रायव्हॅलंट उणे ८ येतो! कॅलिब्रेशन उत्तम आहे. रिपोर्ट उद्या द्यायचाय, लवकर सांगा.

तळ्याकाठी: एकक? पद्धत? दोन्ही आकडे एकाच बाटलीतले का?

निळीशाई: मायक्रोग्रॅम प्रति लिटर, आणखी काय असणार? हेक्सा डायफिनाइलकार्बाझाइडने (हेक्साबरोबर रंग देणारं द्रव्य), रंग ५४० नॅनोमीटरच्या प्रकाशात वाचून. टोटल आयसीपी-एमएसवर, म्हणजे आयनांना वस्तुमानानुसार मोजणाऱ्या यंत्रावर.

आम्लपर्णी: हेक्साच्या बाटलीत आम्ल घातलंत का? आम्लात फेरस लोह आणि सेंद्रिय पदार्थ हेक्साचा ट्राय करून टाकतात. गाळून अमोनियम सल्फेटचा बफर (सामू, म्हणजे पीएच, स्थिर ठेवणारं द्रावण) घाला, सामू ९.३ ते ९.७, आणि थंड ठेवा. मी दुसरं काही मानत नाही.

तळ्याकाठी: अहो, त्याने हेक्सा कमी आला असता. इथे जास्त आलाय.

वस्तुमान५२: रंगाची पद्धत सोडा. आयन क्रोमॅटोग्राफी (रूपं वेगळी करणारं तंत्र) आयसीपी-एमएसला जोडा, एकाच फेरीत दोन्ही रूपं दिसतील. हेलियम मोड (भेसळीचे आयन अडवणारा) हवाच, क्रोमियमच्या ५२ वस्तुमानावर आर्गॉन-कार्बन येऊन बसतो.

आम्लपर्णी: त्याने टोटल फुगेल, घटणार कसा? शिवाय ट्रायला धरून ठेवणारं ईडीटीए घालून गरम करावं लागतं, ते सांगा ना.

झरा: फेरस सल्फेट घालून सामू वाढवा, क्रोमियम तळाशी बसतो.

तळ्याकाठी: काढायचा नाहीये हो, मोजायचाय. निळीशाई, दोन गोष्टी बघा. तेच पाणी, तेच आम्ल, पण कार्बाझाइड न घालता ५४० ला वाचा. पाण्याचा स्वतःचा रंग, गढूळपणा कळेल. आणि स्टँडर्डच्या (कॅलिब्रेशनच्या माहीत प्रमाणाच्या द्रावणाच्या) बाटलीवरचा आकडा नुसत्या क्रोमियमचा आहे की क्रोमेटचा, म्हणजे ऑक्सिजनसकट? क्रोमेटचं वस्तुमान ११६ भागिले क्रोमियमचं ५२, म्हणजे २.२३ पट फरक पडतो.

निळीशाई: पाण्याचा रंग जवळपास शून्य. बाटलीवर क्रोमेट लिहिलंय. म्हणजे ३८ भागिले २.२३, हेक्सा १७! मग ट्राय १३ लिहू?

आम्लपर्णी: थांबा. टोटलची बाटली गाळली होती?

निळीशाई: नाही, नायट्रिक घालून तशीच ठेवली. हेक्साची जागेवरच गाळली, आम्ल नाही.

आम्लपर्णी: मग त्या १३ मध्ये गाळाच्या कणांतला क्रोमियमही आला. त्याला विरघळलेला ट्राय म्हणता येणार नाही.

तळ्याकाठी: बरोबर. उद्या हेक्सा १७ आणि न गाळलेला टोटल ३० एवढंच द्या. आज नमुन्यात हेक्साचा स्पाइक (माहीत असलेली मात्रा) टाकून रिकव्हरी (त्यातला किती परत सापडतो) बघा. ती कमी आली तर १७ सुद्धा देऊ नका.