जर्मनीत होस्टेलच्या किचनमध्ये रोजचं धड जेवण कसं जमवता?

मेथीची_जुडी: आखेनला मास्टर्सला आलेय, आठ जणांत एक किचन, कुकर नाही, लेक्चर आणि पार्टटाइम जॉब यात रात्री ब्रेड-चीज नाहीतर फ्रोझन पिझ्झाच होतो, पोट सारखं जड. फोडणी द्यायची तर फायर अलार्मची भीती. घरच्यासारखं काय करता?

डोंबिवलीकर: कुकरवाचून काही अडत नाही गं. मसूर डाळ घे, इथे 'रोटे लिन्झेन' नावाने रेवे, डीएम या दुकानांत मिळते, भिजवायला नको, पंधरा-वीस मिनिटांत मऊ शिजते, त्यातच हळद, टोमॅटो, मूठभर फ्रोझन पालक टाक. फोडणी मंद आचेवर, मोहरी टाकली की झाकण ठेव आणि तडतड थांबली की लगेच डाळीत ओत, तेलातून धूर निघेपर्यंत थांबायचंच नाही.

सांजवात: तुर्की दुकान शोध आधी!! कोथिंबिरीच्या मोठ्या जुड्या, भेंडी, छोले सगळं मिळतं, आणि बुलगुर (उकडून भरडलेला गहू) घे, त्याचा उपमा आपल्या दलियासारखा मस्त होतो. खरेदी शनिवारीच उरक, रविवारी सगळं बंद. डबाबंद राजमा-छोले धुऊन घे म्हणजे मीठ कमी होतं.

डोंबिवलीकर: आणि मागरक्वार्क (कमी फॅटचं मऊ ताजं चीज) विसरू नकोस, 100 ग्रॅममध्ये साधारण 12 ग्रॅम प्रोटीन, चव चक्क्याच्या जवळची. काकडी, दाण्याचं कूट, जिरेपूड घालून कोशिंबीर कर. दुपारी मात्र मेन्सातच (युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये) जेव, स्टुडंट रेटमध्ये गरम जेवण मिळतं.

मेथीची_जुडी: थँक्यू दोघांना! बुलगुरला पाणी किती?

सांजवात: दुप्पट. उकळी आली की गॅस बारीक.