शुगर बॉर्डरवर आलीय, बाजारातलं चूर्ण घ्यावं का?

परभणीची_सूनबाई
नमस्कार मंडळी. वय ४१, वजन ५४, शाळेत शिकवते. मागच्या महिन्यात शाळेत कॅम्प लागला होता, सहज रक्त दिलं तर उपाशीपोटीची शुगर १०८ आणि एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) ६.१ आली. डॉक्टर म्हणले प्रीडायबेटिस आहे, म्हणजे डायबेटिसच्या अलीकडची पायरी, गोळी नको, गोड बंद करा, चाला, तीन महिन्यांनी या. संपलं, दोन मिनिटात बाहेर. मी एवढी बारीक, मला शुगर कामून व्हायलीय हेच कळंना. घरी सांगितलं आणि झालं सुरू, सासूबाईंनी जांभळाच्या बिया वाळत घातल्या, शेजारच्या काकू कारल्याचा रस घे म्हणायल्यात, आणि आमच्या ह्यांनी बुधवारच्या बाजारात बसणाऱ्या जडीबुटीवाल्याकडून ९०० रुपयांची पुडी आणलीय. तपकिरी चूर्ण, वर्तमानपत्रात बांधलेलं, नाव नाही काही नाही, २१ दिवसात शुगर मुळापासून जाती म्हणे. घेऊ का? कुणी घेतलं असंल तर खरं खरं सांगा.

बीडचा_गडी
ताई ती पुडी सोडूच नका. आमच्या चुलत्याचं सांगतो, त्यांना शुगरची गोळी चालूच होती, वरून कुणीतरी मधुनाशिनीचा पाला चावायला सांगितला, सकाळी पेलाभर कारल्याचा रस, आन शुगर आहे म्हणून भाकरी बी अर्धीच. कापूस वेचायचे दिवस, बांधावर बसल्या बसल्या माणूस घामानं चिंब, हात थरथरायले, बोलणं तोतरं. आम्ही म्हणलो ऊन लागलं. शेजाऱ्याकडची मशीन आणून बोट टोचलं तर ५२! गुळाचं पाणी पाजलं म्हणून वाचले. गोळी बी खाली ओढायली, पाला बी खाली ओढायला, आन पोटात काहीच नाही.
तुम्हाला गोळी नाही, मग तसं होणार नाही म्हणाल, पण असल्या बिननावाच्या चूर्णात इंग्रजी शुगरची गोळीच कुटून घातलेली असती कधी कधी, तपासणीत सापडलंय हे. २१ दिवसात आकडा का उतरतो ते कळलं का आता?

लातूरचा_काका
गडीभाऊ बरोबर बोलायलेत. पण ताई घाबरू नका, माझा एचबीएवनसी ६.३ वरून ५.८ वर आलाय, दोन वर्षं लागली. मेथी मी बी खातो, रात्री भिजवून सकाळी चावून, आणि मेथीत दम आहे थोडा, प्रीडायबेटिसच्या १४० लोकांवर आपल्याच देशात ३ वर्षं अभ्यास झालाय, रोज दोनदा ५-५ ग्रॅम मेथी पावडर, ज्यांनी घेतली त्यांच्यातले डायबेटिसकडं गेलेले कमी निघाले. पण माझा आकडा मेथीनं उतरला असं मी छातीठोक म्हणणार नाही कारण त्याच वेळी जेवणाची वेळ बदलली. आमच्या घरी सिरियल संपल्यावर दहाला ताट आणि लगेच आडवं व्हायचं. आता साडेसातला जेवण आणि बायको आणि मी गल्लीत अर्धा तास फेऱ्या, पहिले पंधरा दिवस लोक विचारायचे काय झालं म्हणून.
अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात चालणं आणि वजन कमी करणं यानं डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीनं ३१. आपल्याकडं तसाच अभ्यास झाला त्यात चालण्याखाण्याचा फायदा २८ टक्क्यांच्या आसपास आला. कमी आहे पण फुकट आहे.
आणि एक, ज्वारी खाल्ली की शुगर वाढत नाही हे डोक्यातनं काढा. मी तीन तीन भाकरी ठेच्यासोबत हाणायचो आणि म्हणायचो मी कुठं गहू खातो! आता दीड भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि अंबाडी नाहीतर करडईची भाजी भाकरीपेक्षा जास्त. गूळ चालतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका. एकादशीच्या साबुदाण्याचं तर बोलायलाच नको. चहाचं मात्र अवघड आहे, बिनसाखरेचा मागितला की पाहुणे तोंड पाडतात.

वैद्य_नांदेड
मी बीएएमएस आहे, प्रॅक्टिस करतो, म्हणून चार शब्द. ताई, बारीक माणसाला पण होतं. आयुर्वेदाच्या चरकांनी प्रमेहाचे (शुगरचा आजार त्यातच येतो) रुग्ण सरळ दोन प्रकारचे सांगितलेत, स्थूल आणि कृश, एकाला शोधन म्हणजे शरीरशुद्धी, दुसऱ्याला बृंहण म्हणजे पोषण. त्यामुळं काकूंचं ऐकून उपाशीपोटी रस पिऊन आणखी वाळू नका. डायबेटिसवर संशोधन करणाऱ्या पुण्याच्या डॉ. याज्ञिकांचं कामही हेच सांगतं, आपली माणसं दिसायला बारीक आणि आतून चरबीची. वजन बघू नका, पोटाला टेप लावा, बाईचं ८० सेंटिमीटरच्या आत पाहिजे. आणि चरकांच्या कारणांच्या यादीत पहिलं काय आहे माहितीय का, बसून राहण्याचं सुख. मग झोपेचं सुख, दही, नवं धान्य, गुळाचे पदार्थ.
औषधात मी हळद-आवळा समभाग, निशा-आमलकी म्हणतात ती देतो, पण पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगायचं. गुळवेल रोज मनानं पिऊ नका, २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी लिव्हर बिघडलेल्या केसेस छापल्या, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, पण माझ्या पेशंटना मी आधी विचारूनच देतो. जे घ्याल त्याच्या डबीवर लायसन्स नंबर, बॅच आणि तारीख पाहिजे.
तुमचं हिमोग्लोबिन किती आहे?

परभणीची_सूनबाई
९.४. पाळी लई जाते माझी. त्याचा काय संबंध?

वैद्य_नांदेड
संबंध आहे ना. लोह कमी असलं की एचबीएवनसी उगाच वर दिसू शकतो. १०८ मात्र बॉर्डरवरच आहे, १०० ते १२५ म्हणजे प्रीडायबेटिस, ते नाकारता येत नाही. डॉक्टरांना सांगून ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनीची तपासणी करून घ्या, १४० ते १९९ आली तर पक्कं. आणि आधी रक्त वाढवा, पाळीचं स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

परभणीची_सूनबाई
सगळ्यांचे आभार. टेप लावला, ८६ आलं, शिवणाच्या टेपनं दोनदा मोजलं तरी तेवढंच. कालपासून मधल्या सुट्टीत खुर्ची सोडून व्हरांड्यात फेऱ्या मारायलेय, पोरं हसायलेत. ग्लुकोजवाली तपासणी सोमवारी आहे. पुडी घेऊन हे परत गेले होते पैसे मागायला, या बुधवारी तो माणूस बाजारात आलाच नाही.